'शायनिंग मारणे' म्हणजे नेमकं काय मारणे?

शब्दगाडा
नमस्कार मंडळी. मराठी शिकणाऱ्या अमराठी प्रौढांसाठी बोलीतल्या शब्दांची टिपणं करतोय. पुस्तकी मराठी त्यांना बऱ्यापैकी जमते, घोडं पेंड खातं ते कट्ट्यावरच्या मराठीत. सध्या गाडा 'शायनिंग मारणे'पाशी रुतलाय. 'बढाई मारणे' एवढा अर्थ देऊन मोकळं होता येईल, पण मग शिकणारा असं वाक्य करतो: 'निवडणूक आम्हीच जिंकणार, अशी शायनिंग नेत्याने सभेत मारली.' व्याकरणात काही चूक नाही, तरी कानाला खटकतं. का खटकतं ते सांगता आलं पाहिजे.

तर शायनिंग आणि फुशारकी, भाव खाणे, माज, टेंभा, फेकणे यांच्या हद्दी कुठे आहेत? शब्दाचं लिंग कोणतं? क्रियापद 'मारणे'च का? आणि कुणाला म्हणायचं, कुणाला नाही?

किस्से कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे वाक्यं हवीत, चालणारी आणि न चालणारी, दोन्ही.

पेठेतला
तोंड न उघडता करता येते ती शायनिंग. तोंड उघडल्याशिवाय होत नाही ती फुशारकी. झालं, धागा बंद करा.

कांदेपोहे
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. 'किस्से नकोत' म्हणणारा धागाकर्ता प्रथमच पाहिला.

निळावंती
पेठेतल्यांनी एका ओळीत उरकलं, पण मुद्दा बरोबर आहे. तोच थोडा पसरून मांडते.

बुलेटचा सायलेन्सर बदलून कॉलेजच्या गेटसमोरून उगाच तीन फेऱ्या मारल्या, तर ती शायनिंग. तोंडातून अवाक्षर नाही. त्याच बुलेटवरून लडाखला जाऊन आल्याचं चहाच्या टपरीवर पुन्हा पुन्हा ऐकवलं, तर ती फुशारकी. लडाखला गेलाच नसेल, तर फेकाफेकी. आणि 'पुढच्या वर्षी बघाच, बुलेटवर देश पालथा घालतो' हे म्हणजे बाता.

दुसरी चाचणी टेलिफोनची. जुन्या तारेच्या फोनवरून फुशारकी मारता येते, थापा मारता येतात, पुड्या सोडता येतात. शायनिंग मारता येत नाही, कारण तिला समोर बघणारे डोळे लागतात. म्हणून वाक्यात 'समोर' किंवा 'पुढे' हटकून येतं: 'पोरींसमोर शायनिंग', 'पाहुण्यांपुढे शायनिंग'. उल्लेख नसला तरी प्रेक्षक गृहीत असतो. जंगलात एकट्याने गॉगल लावला तर लोक त्याला ऊन लागतंय म्हणतील.

तिसरी चाचणी खऱ्याखोट्याची. फेकणे, थाप, पुडी यांत मजकूर खोटा किंवा फुगवलेला असावाच लागतो. शायनिंगमधली वस्तू खरी असते. घड्याळ खरं, गाडी खरी, इंग्रजीही खरं. खोटा असतो तो फक्त सहजपणाचा आव.

नेत्याच्या वाक्यात यातलं काहीच नाही. ते बोलणं आहे, भविष्याबद्दल आहे, दाखवायला हातात वस्तू नाही. म्हणून खटकतं.

तिरपांगडा
> शायनिंगमधली वस्तू खरी असते

असहमत. मित्राची गाडी मागून आणून लग्नात मिरवली तर? वस्तू खरी, मालकी खोटी. लोक त्याला फेकाफेकी म्हणत नाहीत, 'फुकटची शायनिंग' म्हणतात. भाड्याचा कोट, दुसऱ्याच्या ओळखीवर मिळालेला पास, सगळं यातच बसतं. मिशीला तूप लावून तूपभात जेवल्याचा आव आणणारा जुन्या काळचा गडी तर मूळचा शायनिंगवाला. बोलत काही नव्हता आणि होतं सगळं खोटं.

निळावंती
@तिरपांगडा, मान्य. मग अशी दुरुस्ती करू: शायनिंगला खरं असण्याची अट नाही, खोटं असण्याचीही नाही. तिला काही सांगायचंच नसतं, नुसतं दिसायचं असतं. पहिल्या दोन चाचण्या मात्र सोडणार नाही.

ताजी_कोथिंबीर
टेलिफोनची चाचणी आता बाद नाही का? स्टेटसला विमानतळाचा फोटो टाकला तर समोर कुणी नसतं, तरी 'स्टेटस टाकून शायनिंग मारतेय' म्हणतात.

निळावंती
फोटो दिसतो ना? डोळे आले, चाचणी पास. त्याच स्टेटसला 'माझ्याइतका प्रवास आमच्या घराण्यात कुणी केला नाही' असं नुसतं लिहिलं, की ती फुशारकी झाली. टेलिफोन 'तारेचा' असं मुद्दामच म्हटलं होतं.

मोडीवाचक
नेत्याच्या वाक्याला मराठीत तयार शब्द आहे: वल्गना. 'निवडणूक आम्हीच जिंकणार अशा वल्गना नेत्याने सभेत केल्या.' संस्कृतात 'वल्ग्' धातूचा अर्थ उड्या मारणे, उधळत जाणे असा आहे. मराठीत त्या उड्या तोंडी झाल्या. तीन गोष्टी टिपून ठेवा. वल्गना सहसा अनेकवचनी येते. तिचं क्रियापद 'करणे', 'वल्गना मारल्या' कुणी म्हणत नाही. आणि तिचा रोख बहुधा पुढे घडणाऱ्या गोष्टीकडे असतो. एखादा 'मी त्या वर्षी पहिला आलो होतो' असं मागचं सांगत असेल तर ती वल्गना नाही, ती फुशारकी किंवा आत्मप्रौढी.

'दर्पोक्ती' तिची जवळची नातलग. तीत धमकीचा वास जास्त. वर्तमानपत्रं या दोघींना सर्रास एकाच मापाने वापरतात, पण शिकणाऱ्याला फरक सांगायला हरकत नाही. बोलताना मात्र दोन्ही वापरू नयेत, माणूस अग्रलेख वाचून दाखवतोय असं वाटतं.

आवेशाने हातवारे करत वल्गना चालल्या असतील तर 'राणा भीमदेवी थाटात' जोडावं. 'राणा भीमदेव' या जुन्या नाटकातल्या वीरश्रीच्या भाषणांची ही शिल्लक. नाटक बघितलेलं कुणी उरलं नाही, थाट उरला.

पेठेतला
वल्गना म्हणजे उड्या. तरीच आमच्या भागातले इच्छुक उमेदवार तिकीटवाटपाच्या वेळी या पक्षातून त्या पक्षात वल्गना करत असतात. (हलके घ्या.)

लाल डबा
'मारणे' का, या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून टंकतो.

मराठीत नामाला 'मारणे' जोडून क्रिया करायची दोन मोठी कुटुंबं आहेत. पहिलं तोंडाचं: गप्पा मारणे, बाता मारणे, थापा मारणे, बढाया मारणे, हाक मारणे. दुसरं पृष्ठभागाचं: रंग मारणे, पॉलिश मारणे, इस्त्री मारणे, फडकं मारणे, झाडू मारणे. यात एका पृष्ठभागावरून हात किंवा अवजार फिरतं.

शायनिंगला बहुतेक जण पहिल्या कुटुंबात बसवतात, 'बढाई मारणे'च्या जागी इंग्रजी शब्द घातला म्हणून. मला ती दुसऱ्या घरातली वाटते. फरशीचं किंवा गाडीचं काम करणारे कारागीर 'शायनिंग' हा शब्द अगदी सरळ अर्थाने रोज वापरतात: 'मार्बलला पॉलिश मारल्यावर शायनिंग येते', 'ह्या रंगाला शायनिंग नाही, मॅट आहे'. तिथून 'स्वतःवर शायनिंग मारणे' एका पावलावर आहे. आणि निळावंतींचा 'तोंड नको, डोळे हवेत' हा मुद्दाही याने जुळतो, कारण पॉलिश ऐकू येत नाही, दिसतं. लेखी पुरावा देता येणार नाही. जोडणी पटते का तेवढं बघा.

मात्र या सरळ अर्थामुळे शिकणाऱ्याचा घोटाळा होतो. 'शायनिंग येणे', 'शायनिंग असणे', 'शायनिंग जाणे' हे वस्तूबद्दल, त्यात टीका नाही. 'शायनिंग मारणे' माणसाबद्दल आलं की टीका. 'तुमच्या केसांना मस्त शायनिंग आलीये' हे कौतुक. क्रियापद बदललं की भांडण.

चष्मिष्ट
लिंगाचा प्रश्न. 'शायनिंग' स्त्रीलिंगी, निर्विवाद. 'त्याने काय शायनिंग मारली!' 'मारलं' किंवा 'मारला' कुठेच ऐकू येत नाही. अनेकवचन नाही. फुशारकीचं फुशारक्या होतं, बढाईचं बढाया, पुडीचं पुड्या. 'शायनिंगा' कुणी मारत नाही. उलट 'बाता' आणि 'गमजा' कायम अनेकवचनात. 'त्याने एक बात मारली' हे मराठी कानाला चालत नाही, 'एक पुडी सोडली' चालतं.

इंग्रजी '-इंग' शेपटीच्या शब्दांचं लिंग मराठीत ठरतं कसं, ही खरी गंमत. मीटिंग झाली, बॅटिंग केली, सेटिंग लावली, शायनिंग मारली: सगळ्या स्त्रीलिंगी. ट्रेनिंग झालं, बुकिंग केलं, शूटिंग संपलं, रॅगिंग झालं: सगळी नपुंसकलिंगी. माझा कयास असा की मागे जो मराठी शब्द उभा असतो त्याचं लिंग उचललं जातं. बैठक ती, म्हणून मीटिंग ती. फलंदाजी ती, बॅटिंग ती. प्रशिक्षण ते, ट्रेनिंग ते. आरक्षण ते, बुकिंग ते. चित्रीकरण ते, शूटिंग ते. बढाई, फुशारकी, चमक या सगळ्या 'ती', त्यामुळे शायनिंगही 'ती'.

तिरपांगडा
फिल्डिंग. क्षेत्ररक्षण 'ते', फिल्डिंग मात्र 'ती': 'फिल्डिंग लावली'. तुमचा नियम स्लिपमध्ये झेलबाद.

चष्मिष्ट
फिल्डिंग बॅटिंग-बॉलिंगबरोबर तीच वाट चालली. तिघी एकाच मैदानात, एकाच वाक्यात येतात, दोघी 'ती' असताना तिसरी 'ते' कशी राहील?

तिरपांगडा
म्हणजे नियमात बसलं तर नियम, नाही बसलं तर संगत. चालू द्या. शिवाय चित्रीकरण, प्रशिक्षण हे शब्द लोकांच्या तोंडी कधी होते? 'शूटिंग' म्हणणाऱ्याच्या डोक्यात मागे 'चित्रीकरण' उभं असतं, हे फार झालं.

चष्मिष्ट
त्या आक्षेपात दम आहे. शब्दगाडा, टिपणात नियम लिहू नका, शायनिंग स्त्रीलिंगी एवढंच लिहा.

कांदेपोहे
धागा भरकटला असं म्हणायला आले होते, पण भरकटलेलाच भाग आवडला. फिटिंग 'ती' की 'ते'? पार्किंग? (पळते.)

घाटमाथा
मूळ प्रश्नातले तीन शब्द राहिलेत, ते घेतो.

टेंभा मिरवणे: टेंभा म्हणजे चिंध्या गुंडाळून तेलात भिजवलेली मशाल, पूर्वी मिरवणुकीत पुढे धरायचे. आज याची जागा अमूर्त गोष्टींना आहे. विद्वत्तेचा टेंभा, पुरोगामीपणाचा टेंभा, निःपक्षपातीपणाचा टेंभा. बुटांचा टेंभा होत नाही. शायनिंगचं बरोबर उलटं: बुटांची, घड्याळाची, बाइकची, इंग्रजीची शायनिंग चालते, 'निःपक्षपातीपणाची शायनिंग' चालत नाही. या दोघांत गोंधळ व्हायलाच नको. वस्तू किंवा ढब दाखवली तर शायनिंग, गुण किंवा तत्त्व मिरवलं तर टेंभा. टेंभ्यात आणखी एक गर्भित आरोप असतो, की तो गुण प्रत्यक्षात अंगात नाही.

भाव खाणे: यात दाखवण्याच्या नेमकं उलट, राखून ठेवणं आहे. आमंत्रण आलं तरी लगेच हो म्हणायचं नाही, फोन पहिल्या घंटेला उचलायचा नाही, गाण्याचा आग्रह होईपर्यंत घसा बसल्याचं सांगायचं. बाजारातला भाव यामागे आहेच. शायनिंग मारणारा स्वतःहून पुढे येतो, भाव खाणारा बोलावण्याची वाट बघतो. एकाच माणसाबद्दल एकाच क्षणी दोन्ही म्हणता येत नाही.

आणि खरी मेख: 'भाव खातो' ही निंदा, 'भाव खाऊन गेला' ही स्तुती. 'छोट्या भूमिकेतही ती भाव खाऊन गेली' म्हणजे सगळ्यांत उठून दिसली. एका 'जाणे'ने अर्थ फिरतो. शिकणारे इथे हमखास पडतात. 'भाव देणे' आणखी वेगळं, लक्ष देणे: 'ती त्याला भाव देत नाही'.

माज: मूळ गोठ्यातला शब्द. म्हैस माजावर येते. माणसाला लावला की सत्तेची, पैशाची, ताकदीची मस्ती. शायनिंगवाल्याला लोकांनी बघावं असं वाटतं, म्हणजे लोकांची किंमत त्याला आहे. माज असलेल्याला लोक दिसतच नाहीत. म्हणून शायनिंगवर हसतात आणि माज 'उतरवतात'. 'शायनिंग उतरवली' असंही तरुण मंडळी बोलतात, पण ते माजावरून उचललेलं दिसतं.

पेठेतला
घाटमाथा, उत्तम. फक्त आता विद्वत्तेचा टेंभा जरा खाली धरा, छत पेटेल.

घाटमाथा
पेठेत टेंभा लागत नाही. तिथे प्रत्येकजण स्वयंप्रकाशी. :)

वऱ्हाडी ठेचा
नागपूरकडच्याले विचारा ना बाप्पा! आमच्याकडे 'शायनिंग मारून राह्यला' चालते, पण त्याच्याआधीचं आमचं 'शान मारणे' अजून जित्तं आहे. 'लय शान मारून राह्यला बे गाडीची.' तिसरं 'हुशारी मारणे': 'जास्त हुशारी नको मारू'. यात बढाई कमी अन् आगाऊपणा जास्त, समोरच्याले येडं समजून बोलणं. शिकणाऱ्याले सांगा, हे ऐकू आलं त म्हणणाऱ्याचा पारा चढला समजा. शायनिंगवर लोक हासतात, हुशारीवर हात उचलतात.

ताजी_कोथिंबीर
मग मुंबईतली 'शानपट्टी' याच शानमधली का?

लाल डबा
नाही, तो शब्द 'शाणपट्टी', ण बाणाचा. शहाणा > शाणा > शाणपट्टी. अर्थही वऱ्हाडी ठेचांच्या 'हुशारी'जवळ, दीडशहाणेपणा. शान ही ऐट. दोन्ही शब्द एकाच नाक्यावर उभे असतात म्हणून सख्खे वाटतात. 'शाणपट्टी करणे', 'शान मारणे': क्रियापदंही वेगळी.

सासष्टी
गोव्याकडची भर. कोंकणीत बढाईला 'बडाय', आणि क्रियापद तिथेही मारणेच: 'बडाय मारप'. 'बडायो मारता' म्हणजे बढाया मारतोय. तोंडाचं कुटुंब आमच्याकडेही नांदतंय. तुमच्या पृष्ठभागाच्या सिद्धान्ताला मात्र बडाय काही मदत करत नाही, कारण ती बोलूनच मारायची असते.

उगवतीचा
हा शब्द 'इंडिया शायनिंग'वरून आला ना? २००४ च्या निवडणुकीआधीची सरकारी जाहिरात. त्यानंतर सरकार गेलं आणि शब्द टिंगलीचा झाला. सोपं आहे.

मोडीवाचक
सोपं आहे, म्हणूनच संशय घ्यावा. त्या घोषणेत 'शायनिंग' देशाबद्दल सांगते: देश झळकतोय. मराठीतली शायनिंग नाम आहे, स्त्रीलिंगी आहे आणि ती 'मारावी' लागते. घोषणेतून शब्द उचलला असता तर 'तो शायनिंग आहे' किंवा 'शायनिंग झाला' अशा रचना आधी दिसल्या असत्या. घोषणेची टिंगल करायला लोकांना तयार शब्द हाताशी होता, असं म्हणणं जास्त पटतं. लाल डब्यांचा मार्बलवाला मला जाहिरातवाल्यापेक्षा विश्वासू वाटतो.

उगवतीचा
'जास्त पटतं' हाही पुरावा नव्हे.

मोडीवाचक
नव्हेच. दोन्हीकडे कयास आहेत. माझ्या बाजूला निदान व्याकरण आहे.

ताजी_कोथिंबीर
जाता जाता, आता कॉलेजात शायनिंग कोण म्हणतं? 'फ्लेक्स करतोय' म्हणतात.

घाटमाथा
फ्लेक्स आपल्याकडे चौकात लागतो. वाढदिवसाला. दहा बाय वीस, मधोमध उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांचे बारा चेहरे. परदेशी पोरांनी दंड फुगवण्यावरून शब्द काढला, आपल्याकडे तो आधीच खांबाला बांधून तयार होता.

कांदेपोहे
ठ्ठो! अर्थ जुळला, व्युत्पत्ती जुळायची गरजच उरली नाही. हसून हसून पुरेवाट.

निळावंती
फ्लेक्सवरून आठवलं, 'चमकोगिरी' राहिली. शब्दगाडा, हा घ्याच, कारण नेत्याच्या संदर्भात शायनिंगच्या जागी हाच बसतो. काम दुसऱ्याने करायचं, फोटोत पुढे आपण यायचं. रुग्णाला एक केळं द्यायला सहा जणांनी हात लावायचा. उद्घाटनाच्या फितीजवळ कोपराने वाट काढायची. करणारा तो 'चमको'. 'चमको कार्यकर्ता', 'चमको नेते', 'ती पण चमकोच': लिंग-वचनाने बदलत नाही. वर्तमानपत्रांतही तो धडाक्यात छापून येतो. शायनिंग अजून अवतरणचिन्हात येते, चमकोगिरी कधीच बाहेर पडली.

शायनिंगला असा कर्ता-शब्द नाही. 'शायनर' म्हणून बघणारे आहेत, पण रुळलेला नाही. 'शायनिंगबाज' क्वचित. बढाईचा बढाईखोर, थापेचा थापाड्या, फेकण्याचा फेकू आणि शायनिंगचा कुणीच नाही. 'शायनिंग मारणारा' असं लांबच लिहावं लागतं.

चष्मिष्ट
फेकणे अकर्मकासारखं वापरतात, हेही टिपा. 'तो फेकतोय.' काय फेकतोय ते सांगायचं नाही. सांगितलं तर खरोखरच काहीतरी फेकतोय असा अर्थ होतो.

काकूबाई
कुणाला म्हणायचं हा प्रश्न सगळ्यांनी टाळलेला दिसतोय.

शायनिंग हा बरोबरीच्यांत किंवा लहानांना म्हणायचा शब्द आहे. 'शायनिंग मारू नकोस' मित्राला, भावाला, भाच्याला. 'शायनिंग मारू नका' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही विचित्र आहे. आदरार्थी क्रियापद लावण्याइतका मान असेल तर शायनिंग म्हणायचं नाही, आणि शायनिंग म्हणण्याइतकी सलगी असेल तर आदरार्थी कशाला? अनेकांना एकदम म्हणताना 'नका' चालतं: 'पोरांनो, शायनिंग मारू नका'.

वडीलधाऱ्यांबद्दल तिसऱ्याशी बोलताना 'काका जरा मोठेपणा सांगतात', 'त्यांना मिरवायला आवडतं' असं म्हणतात. 'मिरवणे' हा यातला सर्वांत दयाळू शब्द. नातवाने दिलेला शर्ट आजोबा मिरवतात, त्यात टोचणी नाही. नवी नवरी हिरवा चुडा मिरवते. त्याच जागी शायनिंग घालून बघा, घरात वाद.

स्वतःबद्दल वापरला तर नम्रता होते: 'नवा शर्ट घातलाय, म्हटलं जरा शायनिंग मारू.' आपणच आपल्यावर हसून समोरच्याचं हत्यार काढून घ्यायचं. फुशारकीचं असं होत नाही. 'जरा फुशारकी मारतो हं' म्हणणारा पुढे खरंच मारतो.

वऱ्हाडी ठेचा
काकूबाई, शेवटच्या वाक्याले +१.

मोडीवाचक
दासबोधात दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात, मूर्खलक्षणांत, 'आपली आपण करी स्तुती' आणि 'सांगे वडिलांची कीर्ती' हे दोन्ही एकाच ओवीत धरलेत. चाचणी लावायची तर दोन्ही बोलण्याच्या गोष्टी, म्हणजे फुशारकी. पण वडिलांच्या नावाची पाटी गाडीच्या मागच्या काचेवर लावली तर?

पेठेतला
शायनिंग. आणि पाटी लावलेली गाडीही वडिलांचीच असेल, तर तिरपांगड्यांची 'फुकटची शायनिंग'.

शब्दगाडा
मंडळी, जेवढं मागितलं त्याच्या तिप्पट मिळालं. टिपणासाठी काही वाक्यं बेतलीत. तपासून द्या.

१. 'उधार गॉगल घालून तो वरातीत शायनिंग मारत होता.'
२. 'आपण किती साधे आहोत याची तिने शायनिंग मारली.'
३. 'साहेबांनी मीटिंगमध्ये शायनिंग मारली.'
४. 'पहिल्या नंबरची त्याला शायनिंग आहे.'

घाटमाथा
पहिलं बिनतोड. दुसऱ्यात साधेपणा हा गुण, म्हणून टेंभा: 'साधेपणाचा टेंभा मिरवला'. पण ती मुद्दाम फाटकी पिशवी घेऊन मोठ्या समारंभाला गेली असेल तर, 'साधेपणाची शायनिंग' हे वाक्य तिरकस म्हणून फार छान लागेल. टिपणात नको. शिकणाऱ्याने आधी सरळ चालावं.

काकूबाई
तिसरं साहेब खोलीबाहेर गेल्यावर चालेल. 'साहेबांनी' हा आदर आणि 'शायनिंग' ही थट्टा, दोन्ही एकत्र आल्यामुळे बोलणारा कुजबुजतोय हे ऐकणाऱ्याला कळतं. टिपणात 'पाठीमागे' अशी खूण करा. आणि साहेबांनी दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर सांगितलं असेल तर ती शायनिंगच नव्हे, 'श्रेय लाटणे'. शायनिंगने कुणाचं काही जात नाही, लाटण्याने जातं.

चष्मिष्ट
चौथं चूक. 'त्याला शायनिंग आहे' म्हटलं की लाल डब्यांचा फरशीवाला अर्थ येतो, तो माणूस पॉलिश केलेला वाटतो. नंबराचा 'तोरा' असतो, 'घमेंड' असते: 'पहिल्या नंबरचा त्याला तोरा आहे'. शायनिंग मनात असत नाही, ती मारेपर्यंत अस्तित्वातच नसते. म्हणून 'त्याला शायनिंग चढली', 'त्याच्यात शायनिंग भरली' हेही बाद. 'नुसती शायनिंग आहे त्याची' मात्र चालतं, कारण तिथे केलेल्या कृतींवर शेरा आहे. 'त्याला' नको, 'त्याची' हवं.

शब्दगाडा
'त्याला' आणि 'त्याची' हा फरक सुटलाच होता. चौथं काढून त्याजागी 'अभ्यास काही नाही, नुसती शायनिंग' घालतो. लिहायचं कसं, शायनिंग की शाइनिंग?

लाल डबा
'शायनिंग'. बोलताना य स्पष्ट ऐकू येतो. 'शाइनिंग' लिहिलं की वाचणारा इंग्रजीकडे वळून मधेच ओठ आवळतो.

तिरपांगडा
आणि 'शायनींग' असं दीर्घ लिहू नका. ते दुकानाच्या पाटीवर शोभतं.